दोन्हीकडे टेस्ट पास, तरी तिकीट अडकतं. वेगवेगळ्या टेलिकॉम कंपन्यांच्या यंत्रणा एकत्र कशा तपासता?

चाचणीवाली (मूळ धागा)

नमस्कार मंडळी. मी हिंजवडीत टेलिकॉम कंपन्यांच्या सर्व्हिस मॅनेजमेंटच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करते. ग्राहकाची तक्रार नोंदवणं, नवीन जोडणीची ऑर्डर घेणं, ती पुढे पाठवणं, लाइनवर लक्ष ठेवणं, असं सगळं त्यात येतं. या कामात ८ वर्षं झाली, पण गेल्या जूनपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये.

सिंहगड रस्त्यावरच्या एका रुग्णालयाची डेटा लाइन रात्री पडली. ग्राहक आमचा, पण शेवटच्या टप्प्याची फायबर दुसऱ्या कंपनीची आणि मुंबईकडचा टप्पा तिसरीचा. आमच्या सिस्टीमने तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, आपोआप दुसऱ्या कंपनीकडे पाठवलं. तिकडच्या सिस्टीमने ते घेतलं आणि ४० मिनिटांत उत्तर आलं, 'रिझॉल्व्ह्ड'. आमच्या सिस्टीमने त्याचा अर्थ 'क्लोज्ड' असा लावला आणि ग्राहकाला मेसेज गेला की तुमची तक्रार दूर झाली आहे.

लाइन बंदच होती. त्यांनी त्यांच्या हद्दीतलं एक कार्ड बदललं होतं, पण खरा बिघाड पुढच्या टप्प्यात होता. रुग्णालयातला आयटीचा मुलगा पहाटे ३ पर्यंत फोन लावत होता आणि लॅबचे रिपोर्ट कुणीतरी हातात घेऊन वॉर्डात पोचवत होतं. प्रत्येक वेळी आमच्याकडून उत्तर एकच, "सर, तिकीट बंद दिसतंय."

दुसऱ्या दिवशी दोन्ही कंपन्यांचे टेस्ट रिपोर्ट उघडले. त्यांचे सगळे हिरवे, आमचेही सगळे हिरवे. स्पेसिफिकेशनप्रमाणे कुणाचंच काही चुकलेलं नव्हतं.

म्हणून विचारते. दोन किंवा तीन कंपन्यांच्या सिस्टीम एकत्र चालतात की नाही, हे तुम्ही कसं तपासता? कुणाच्या एन्व्हायर्नमेंटवर, कुणाच्या डेटावर? आणि दोघंही नियमाप्रमाणे बरोबर असतील तर डिफेक्ट कुणाच्या नावावर टाकायचा?

---

खराडीकर

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं तर मलाही कळवा. आमच्याकडे असा डिफेक्ट ३ महिने 'अंडर डिस्कशन' आहे.

---

तांब्याची_तार

मी ३४ वर्षं टेलिफोन खात्यात होतो, त्यातली बरीचशी पुण्यातच. चाचणीवाली, तुम्ही ज्यात अडकलात ती गोष्ट फार जुनी आहे, आणि तिच्यावर विचार झालेला नाही असंही नाही.

१९९२ मध्ये आयटीयूची, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची, एम.३०१० ही शिफारस आली. तिच्यात टीएमएनची, म्हणजे टेलिकॉम नेटवर्क सांभाळणाऱ्या यंत्रणेची, मांडणी होती: खाली प्रत्यक्ष उपकरणं, त्यांच्यावर एलिमेंट मॅनेजमेंट, मग नेटवर्क, मग सर्व्हिस आणि सगळ्यात वर बिझनेस. एका कंपनीच्या आतल्या बोलण्याला क्यू इंटरफेस आणि दोन कंपन्यांमधल्या बोलण्याला एक्स इंटरफेस. हे दोन वेगळे ठेवले कारण कुंपणापलीकडच्या माणसाला आपलं घर आतून दिसत नाही. त्याला तुम्ही जेवढं सांगाल तेवढंच कळणार.

तक्रारींसाठी एक्स.७९० अशी स्वतंत्र शिफारस होती. त्यात 'क्लिअर्ड' आणि 'क्लोज्ड' या दोन वेगळ्या अवस्था आहेत. दुरुस्ती करणारा म्हणणार 'क्लिअर्ड', म्हणजे माझ्या मते बिघाड गेला. ज्याची तक्रार आहे त्याने पडताळून होकार दिला की मगच 'क्लोज्ड'.

आमच्या काळी १९८ ला तक्रार नोंदवली की डॉकेट नंबर मिळायचा. लाइनमन खांबावरून उतरला की आधी टेस्ट डेस्कला फोन करायचा. डेस्कवरची बाई ग्राहकाच्या घरी घंटी वाजवायची, "आवाज नीट येतोय का?" असं विचारायची आणि मगच डॉकेट बंद करायची. त्या एका प्रश्नासाठी स्वतंत्र माणूस नेमलेला होता. तुमच्या यंत्रणेत तो प्रश्न विचारणारं कुणी उरलेलं नाही.

---

चाचणीवाली

काका, हे वाचून अंगावर काटा आला. टीएम फोरम या टेलिकॉम क्षेत्रातल्या संघटनेच्या तक्रारींसाठीच्या स्टँडर्डमध्ये, टीएमएफ ६२१ मध्येही 'रिझॉल्व्ह्ड' आणि 'क्लोज्ड' वेगळेच आहेत. त्यांचे शब्द आमच्या शब्दांशी जुळवणाऱ्या मॅपिंगच्या एक्सेल शीटमध्ये मात्र दोन्हींसमोर 'बंद' लिहिलेलं सापडलं. एकाच ओळीत.

---

बाणेर_बॅकएंड

मला हा प्रश्न थोडा फुगवलेला वाटतो, राग मानू नका. टीएमएन आणि सीएमआयपी, कोर्बा ही त्या काळची तंत्रं, हे सगळं मागे पडलं. आता टीएम फोरमच्या ओपन एपीआय, म्हणजे सिस्टीमनी एकमेकींशी बोलायच्या ठरलेल्या पद्धती, आहेत: तक्रारीसाठी ६२१, प्रॉडक्ट ऑर्डरसाठी ६२२, सर्व्हिस ऑर्डरसाठी ६४१. प्रत्येकीचा स्कीमा, म्हणजे माहितीचा साचा, जाहीर आहे, कन्फॉर्मन्स टेस्ट किटही मिळतं. दोघांनी किट चालवावं, शिवाय सीआयमध्ये, म्हणजे कोड बदलला की आपोआप होणाऱ्या तपासणीत, कॉन्ट्रॅक्ट टेस्ट (देवाणघेवाण ठरल्याप्रमाणे होते का हे बघणाऱ्या) लावाव्यात. दोघांनी एका खोलीत बसून टेस्टिंग करायची गरज पडत असेल तर ऑटोमेशन कमी पडतंय, एवढाच त्याचा अर्थ. मॅपिंगची चूक ही साधी चूक आहे, त्यासाठी वेगळं शास्त्र कशाला?

---

पौड_फाटा

@बाणेर_बॅकएंड, कन्फॉर्मन्स म्हणजे पुस्तकाशी जुळणं आणि इंटरऑपरेबिलिटी म्हणजे समोरच्याशी जुळणं. पहिल्याने दुसऱ्याची शक्यता वाढते, पण खात्री मिळत नाही. ऐच्छिक फील्ड्सचंच बघा. स्टँडर्डमध्ये फील्ड ऐच्छिक आहे म्हणून तुम्ही ते पाठवत नाही, तुमचं किट पास. समोरच्याने धंद्याच्या नियमात ते सक्तीचं केलंय, त्याचंही किट पास. एकत्र आले की पहिलीच ऑर्डर परत.

जुन्या प्रोटोकॉल टेस्टिंगमध्ये, म्हणजे आयएसओ ९६४६ मध्ये, प्रत्येकाने आधी एक जाहीरनामा भरून द्यायचा असे. त्याला पिक्स म्हणायचे. यातलं काय केलंय, काय केलेलं नाही, कुठला पर्याय निवडलाय, सगळं त्यात. दोन पिक्स शेजारी ठेवले की अर्धी भांडणं टेस्टिंगच्या आधीच दिसायची. आज एपीआयचं वर्णन करणारी स्वॅगर फाइल आहे, पण "हे आम्ही करत नाही" असं लिहिलेला कागद कुणी देत नाही.

---

चाचणीवाली

@बाणेर_बॅकएंड, राग नाही. पण आमच्याकडे कॉन्ट्रॅक्ट टेस्ट होत्या. समोरच्या कंपनीचा सिम्युलेटर, म्हणजे तिच्या सिस्टीमची नक्कल, आम्हीच लिहिलेला होता, त्यांची डॉक्युमेंट वाचून. आमचा जो गैरसमज होता तोच आम्ही सिम्युलेटरमध्ये उतरवला आणि सिम्युलेटरने तो इमानदारीने आम्हाला परत दिला. अशा ११०० टेस्ट दोन वर्षं रोज रात्री पास होत होत्या. स्कीमा तपासणारं यंत्र "हा शब्द यादीत आहे का" एवढंच बघतं. त्या शब्दामागे समोरच्याच्या मनात काय आहे हे त्याला कसं दिसणार?

---

बाणेर_बॅकएंड

सिम्युलेटरचा मुद्दा मान्य. तो समोरच्यानेच लिहून द्यायला हवा. बाकी मत कायम.

---

रात्रपाळी

वेळेचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

आम्ही परदेशातल्या एका कंपनीबरोबर जोडणी करत होतो. टेस्टिंग छान झालं. लाइव्ह गेल्यावर दर महिन्याच्या १ तारखेला एसएलए रिपोर्टवर (ठरलेल्या वेळेत किती तक्रारी सुटल्या याच्या हिशेबावर) वाद. आमचे आकडे वेगळे, त्यांचे वेगळे. दोन महिन्यांनी उमगलं. आपली वेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढे. १ तारखेच्या पहाटे २ वाजता पुण्यात उघडलेलं तिकीट यूटीसीत आदल्या दिवशी रात्री ८:३० ला, म्हणजे मागच्या महिन्यात पडतं. त्यांचा रिपोर्ट यूटीसीने महिना मोजायचा, आमचा आपल्या वेळेने.

त्याखाली आणखी एक भानगड निघाली. त्यांच्या एका जुन्या मॉड्यूलमध्ये टाइमझोनचा फरक पूर्ण तासांतच साठवायची सोय होती. आपला अर्धा तास तिथे गळून पडायचा. ज्यांच्याबरोबर त्यांनी आधी टेस्टिंग केलं होतं त्या सगळ्यांचे फरक पूर्ण तासांचे, त्यामुळे हे कधी दिसलंच नव्हतं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक टेस्ट प्लॅनमध्ये तीन तिकिटं ठरलेली: रात्री १२:१५ चं, महिनाअखेरीचं आणि पावणेसहा तास पुढे असलेल्या नेपाळच्या वेळेतलं.

---

पत्र्या_मारुतीजवळ

वेळेचं झालं, आता पत्त्याचं ऐका. माझं सदस्यनाम बघून कळलंच असेल की मी कुठे राहतो. हा पत्ता माझ्या पोस्टमनला पुरतो, रिक्षावाल्याला पुरतो. दुसऱ्या कंपनीच्या 'इथे सेवा देता येईल का' या तपासणीला मात्र पुरत नाही. तिला घर क्रमांक आणि रस्त्याचं नाव वेगवेगळ्या रकान्यांत हवं. आमच्या टीममधल्या मुलीने रस्त्याच्या नावात 'मारुती मंदिरामागे' भरलं. समोरून उत्तर आलं, असा रस्ता अस्तित्वात नाही. मारुतीला पत्ता नाकारणारी पहिली यंत्रणा असेल ती!

पण खरा घोळ सर्व्हे नंबरने घातला. वडगाव, धायरी, वाघोलीकडे पत्ता असतो 'स. नं. १७/३ब/२' असा. तो नंबर आम्ही लिंकमध्ये घालून पाठवायचो. समोरच्या सर्व्हरला प्रत्येक तिरकी रेघ म्हणजे नवीन फोल्डर वाटायचं, उत्तर ४०४. एन्कोड करून पाठवलं तरी मधला अपाचे सर्व्हर नाकारायचा, कारण त्याची मूळ सेटिंगच तशी असते. डेव्हलपर मंडळी टेस्टिंगला कायम '१२३, मेन रोड' वापरत होती. पुण्यात मेन रोड कुठे आहे हे मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

---

खराडीकर

'१२३, मेन रोड'ला आमच्याकडे लाखभर ऑर्डर आहेत. सगळ्या पूर्ण. :)

---

सहकारनगर_आजी

मी या क्षेत्रातली नाही, पण वाचतेय आणि बरंचसं कळतंय. मागच्या वर्षी मी मोबाइलची कंपनी बदलली, नंबर तोच ठेवला. त्यानंतर आठवडाभर मुलीचा फोन लागायचा, पण सुनेचा लागत नव्हता. दोघी वेगवेगळ्या कंपनीच्या. दुकानातला मुलगा म्हणाला, आजी, तुमच्याकडून सगळं ठीक आहे. हे तुमच्याच विषयातलं आहे का?

---

पोर्टिंगवाला

आजी, अगदी याच विषयातलं, आणि तुम्ही जे सांगितलंत ते आमच्या टेस्ट केसमध्ये जसंच्या तसं असतं.

आपल्या देशात नंबर पोर्टेबिलिटी २५ नोव्हेंबर २०१० ला हरियाणात सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ ला देशभर. तेव्हा फक्त आपल्याच सर्कलमध्ये कंपनी बदलता येत असे. मुंबई आणि महाराष्ट्र ही वेगळी सर्कल असल्याने मुंबईहून पुण्याला आलेल्याला नंबर सोडावा लागायचा. ते बंधन ३ जुलै २०१५ ला गेलं.

तुम्ही १९०० ला मेसेज पाठवलात, ८ अक्षरांचा कोड आला, तो नवीन कंपनीला दिलात. पुढचं सगळं मधल्या क्लिअरिंग हाउसमार्फत चालतं. देशाचे त्यासाठी दोन झोन आहेत, आपण पहिल्यात. क्लिअरिंग हाउस जुन्या कंपनीशी बोलतं, नवीनशी बोलतं आणि शेवटी सगळ्या कंपन्यांना कळवतं की हा नंबर आता अमुक कंपनीकडे राहतो. प्रत्येक कंपनी आपल्या यादीत तशी नोंद करते आणि फोन लावताना ती यादी बघते. सुनेच्या कंपनीच्या यादीत तुमची नोंद झालेली नसणार, म्हणून तिचा फोन अजून जुन्या घराची कडी वाजवत होता.

चाचणीवाली, तुमच्यासाठी यात एक धडा आहे. १२ कंपन्यांनी एकमेकींशी थेट जोडणी केली तर ६६ जोड्या तपासाव्या लागतात. मध्ये एक केंद्र ठेवलं की प्रत्येकीने फक्त केंद्राबरोबर तपासायचं, १२ वेळा. शिवाय कुठल्या टप्प्याला किती वेळ, नकार कुठल्या कारणांनी देता येतो, हे नियामकाने लिहून दिलेलं. डिसेंबर २०१९ पासून तर कोड देण्याआधीच थकबाकी, ९० दिवसांची अट वगैरे तपासलं जातं, त्यामुळे नंतरचे नकार खूप कमी झाले. जिथे अर्थ एकाच जागी ठरतो तिथे टेस्टिंग सोपं होतं. तुमच्या तिकिटांच्या जगात असा पंच नाही.

---

सहकारनगर_आजी

कळलं हो. म्हणजे नवीन घराचा पत्ता सगळ्या नातेवाइकांना कळवला, पण एकाने वहीत लिहिलाच नाही. धन्यवाद, बाळा.

---

नळस्टॉप_नियमित

हे सगळं ठीक, पण लाइन पडतातच कशाला ते बोला की. पावसाळ्याच्या तोंडावर रस्ता खोदतात, जेसीबीचा एक फटका आणि तीन कंपन्यांची फायबर एकदम तुटते. आमच्या गल्लीत मे महिन्यात चारदा.

---

तांब्याची_तार

त्यासाठी दूरसंचार विभागाने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आणलंय. खोदणाऱ्याने आधी नोंद करायची, जमिनीखाली ज्यांची तार किंवा नळ आहे त्यांना सूचना जाते. तेही शेवटी अनेक संस्थांच्या यंत्रणांनी एकमेकींशी बोलण्याचंच काम आहे. जेसीबीवर बसलेल्या माणसापर्यंत ती सूचना पोचते का, हे कुणीतरी तपासलं पाहिजे.

---

सिमकार्डांची_बरणी

धागा रोमिंगकडे वळवतो, कारण या बाबतीत रोमिंगवाले बाकी सगळ्यांच्या पुढे आहेत असं माझं ठाम मत आहे.

दोन देशांतल्या मोबाइल कंपन्यांनी रोमिंग सुरू करायच्या आधी खरी सिमकार्डं कुरिअरने एकमेकांना पाठवायची पद्धत आहे. जीएसएमए या मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या आयआर.२४ या दस्तऐवजात टेस्टची यादीच आहे. समोरच्या देशातला इंजिनिअर आपलं सिम घालून फोन लावतो, उचलतो, मेसेज पाठवतो आणि वहीत लिहितो: इतक्या वाजता लावला, इतके सेकंद बोललो. मग त्याच कॉलची बिलिंगची फाइल, म्हणजे टॅप फाइल, आपल्याकडे येते आणि आपण ती त्याच्या वहीशी ताडून बघतो. सेकंद जुळले, दर जुळला, नंबर जुळला, तरच पुढे. नेटवर्कचं टेस्टिंग वेगळं, पैशाचं वेगळं, आणि दोन्ही झाल्याशिवाय सेवा सुरू करायची नाही.

एकदा माझ्या वहीत ६१ सेकंद आणि फाइलमध्ये ६० होते. एका सेकंदासाठी आम्ही चार दिवस भांडलो. समोरची कंपनी घंटी वाजल्यापासून न मोजता उत्तर दिल्यापासून मोजत होती, आणि तेच बरोबर होतं. चूक माझ्या स्टॉपवॉचची निघाली, पण त्या चार दिवसांत आम्ही एकमेकांची सिस्टीम जितकी समजून घेतली तितकी नंतरच्या चार वर्षांत नाही.

यात सिम्युलेटर कुठेच नाही. खरं कार्ड, खरी हवा, खरी फाइल आणि दोन माणसं.

---

पौड_फाटा

+१. ईटीएसआय या युरोपातल्या दूरसंचार स्टँडर्ड संस्थेचे प्लगटेस्ट्सही असेच असतात. वेगवेगळ्या कंपन्या आपापली यंत्रं घेऊन एकत्र येतात आणि जोड्या लावून तपासतात. मला त्यातली निकाल लिहायची पद्धत आवडते. टीटीसीएन-३ या टेस्टिंगच्या भाषेत पास आणि फेल यांच्यामध्ये 'इनकन्क्लूझिव्ह' असा निकाल आहे. म्हणजे टेस्ट पूर्ण झाली, पण तपासायचं होतं ते तपासलंच गेलं नाही. आपल्याकडे डॅशबोर्डला दोनच रंग. समोरच्याने वेळेत उत्तर दिलं नाही म्हणून टेस्ट सोडून दिली तरी कुणीतरी ती हिरवी करून टाकतं.

---

बजेट_सांभाळणारा

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. टेस्टिंगचे पैसे मंजूर करणारा माणूस मीच आहे. समोरच्या कंपनीची टेस्ट एन्व्हायर्नमेंट आठवड्यातून दोन दिवस मिळते, त्यात तिचा डेटा जुना, तिचे लोक दुसऱ्या रिलीजमध्ये अडकलेले. ९ भागीदार आहेत. प्रत्येकाबरोबर दोन आठवडे एकत्र टेस्टिंग म्हटलं तर वर्षाचे चार महिने गेले, आणि तोवर त्यांची पुढची आवृत्ती येते. चाचणीवालीचं दुःख मला कळतं, पण सगळं सगळ्यांबरोबर तपासणं शक्य नाही. मग काय सोडायचं ते सांगा.

---

रात्रपाळी

@बजेट_सांभाळणारा, सरळ रस्ता सोडा. ऑर्डर गेली, स्वीकारली, पूर्ण झाली, हे किट आणि सिम्युलेटर बघून घेईल. तिथे बाणेर_बॅकएंडचं बरोबर आहे. एकत्र बसायचं ते फक्त बिघडलेल्या गोष्टींसाठी. उत्तर उशिरा आलं तर काय, दोनदा आलं तर काय, मध्येच रद्द केलं तर काय, समोरचा 'पेंडिंग' म्हणाला तर घड्याळ कुणाचं थांबतं. याला दोन आठवडे नाही, दोन दिवस लागतात.

---

ईएनटीसी_शेवटचं_वर्ष

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. या कामात यायचं असेल तर काय शिकू? टीटीसीएन-३ आता शिकण्यात अर्थ आहे का?

---

सिमकार्डांची_बरणी

भाषा कुठलीही शिक, आठवड्यात येते. फोनवर अनोळखी कंपनीतल्या माणसाला "तुमच्याकडे याचा अर्थ काय होतो?" असं न लाजता विचारायला शिक. आणि वही ठेव.

---

चाचणीवाली

मंडळी, तीन आठवड्यांनी परत येतेय, त्याबद्दल क्षमा. हा धागा मी प्रिंट काढून आमच्या मॅनेजरना दिला. रात्रपाळींची 'दोन दिवस' ही सूचना त्यांना पटली आणि समोरच्या कंपनीतल्या एका टेस्ट लीडने मनापासून साथ दिली. त्यांचे तिघे आमच्या ऑफिसात आले. पहिला अर्धा दिवस आम्ही एकही मशीन चालू केलं नाही. फक्त ८ अवस्थांची नावं फळ्यावर लिहिली आणि प्रत्येकीसमोर दोन्ही बाजूंनी आपापल्या शब्दांत, मराठीतच, अर्थ लिहिला. तीन ठिकाणी अर्थ जुळले नाहीत.

मग २३ तिकिटं मुद्दाम बिघडवून पाठवली. आमची सिस्टीम ३० सेकंद वाट बघून तेच तिकीट पुन्हा पाठवते. त्यांची कधीकधी ४० सेकंद घेते. परिणामी एका बिघाडाची दोन तिकिटं, आणि एक बंद झालं की दुसरं अनाथ. आता दोन्ही वेळेला एकच ओळख क्रमांक जातो आणि ते दुसरं तिकीट उघडत नाहीत. आमचा नोटिफिकेशन घेणारा सर्व्हर १० मिनिटं बंद ठेवला, तर त्या वेळात आलेले बदल कायमचे हरवले. त्यांच्याकडे पुन्हा पाठवायची सोयच नाही, म्हणून आता आम्ही दर तासाला स्वतः विचारतो. 'पेंडिंग'चा निकाल लागला नाही. त्यांच्याकडे घड्याळ थांबतं, आमच्याकडे चालू राहतं आणि हे करारात लिहिलेलंच नाही. ती टेस्ट मी 'इनकन्क्लूझिव्ह' नोंदवली, पिवळ्या रंगात. मॅनेजर म्हणाले, पिवळा कशाला? म्हटलं, राहू दे.

डिफेक्ट कुणाच्या नावावर, या प्रश्नावर आम्ही एकच यादी दोघांनी मिळून ठेवायची असं ठरवलं. तिचे मालक दोन, दोन्हीकडून सही असल्याशिवाय ओळ पुसायची नाही.

---

बाणेर_बॅकएंड

फळ्यावरच्या अर्थांचे फोटो असतील तर (कंपन्यांची नावं झाकून) टाकता का? आमच्या टीमला दाखवायचे आहेत.

---

तांब्याची_तार

छान झालं. पण त्या रुग्णालयातल्या मुलाचं काय?

---

चाचणीवाली

काका, त्याला मी स्वतः फोन केला होता. आता समोरून 'रिझॉल्व्ह्ड' आलं की त्याच्या मोबाइलवर प्रश्न जातो, "लाइन चालू झाली का?" होय किंवा नाही. उत्तर येईपर्यंत तिकीट बंद होत नाही. परवा रात्री ११ वाजता त्याने पहिल्यांदा 'नाही' दाबलं. तिकीट उघडं राहिलं आणि १२:०५ ला त्यांचा माणूस फायबर बघायला निघाला.